बर्की रौ म्हणजेच करंट

भिवंडीतल्या आमच्या शाळांमध्ये दहावीला विज्ञानात उत्तम गुण घेणाऱ्या मुली दरवर्षी असतात. त्यांतल्या किती जणी बारावी सायन्सपर्यंत टिकतात, असे विचारले की स्टाफरूममध्ये सगळे चहाच्या कपात बघू लागतात. मुलींची हुशारी सुट्टीत कुठे जात नाही. त्यांचे शब्द तेवढे मागे राहतात. उर्दू माध्यमाच्या मुलीने ओहमचा नियम ‘बर्की रौ’ आणि ‘मुजाहमत’ या शब्दांत शिकलेला असतो, मराठी माध्यमाच्या मुलीने ‘विद्युतधारा’ आणि ‘रोध’ या शब्दांत. अकरावीत दोघींच्या कानावर पडते ‘करंट’ आणि ‘रेझिस्टन्स’. नियम तोच, पण दोघींना वाटते की आपल्याला काहीच येत नाही.

म्हणून आम्ही काही उर्दू आणि मराठी शाळांचे शिक्षक शनिवारी दुपारी एकत्र बसू लागलो. पहिले काम केले ते तीन रकान्यांच्या तक्त्याचे: उर्दू, मराठी, इंग्रजी. नववीपासूनच तो वर्गात टांगला. दुसरे काम एका पत्र्याच्या ट्रंकेचे. तारा, बल्ब, भिंगे, चुंबके, मल्टिमीटर असे सामान प्रत्येक शाळेने वेगळे घेणे परवडत नाही, म्हणून एकच ट्रंक रिक्षातून शाळाशाळांत फिरते. वार ठरलेले आहेत. जलशांच्या भाषणांत आपण इब्न अल-हैथमचे नाव मोठ्या अभिमानाने घेतो. त्याने अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचे प्रयोग केले. आमच्यातल्या एका शाळेची प्रयोगशाळाही अंधारीच होती, पण कुलपामुळे!

आमचा सर्वांत चांगला तास मात्र आमच्यापैकी कोणी घेतलाच नाही. तो घेतला यंत्रमागाच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. मोटर मिनिटाला ९६० फेरे घेते आणि माग १६० वर चालवायचा आहे, तर मागाची पुली मोटरीच्या पुलीपेक्षा किती मोठी हवी? मुलींनी सहापट म्हणून सांगितले. ‘व्यस्त चलन’ आम्ही फळ्यावर किती वेळा शिकवले असेल, पण ते बापाच्या कारखान्यात रोज फिरत असते हे त्यांना त्या दिवशी दिसले. हुनर आपल्या मोहल्ल्यात पूर्वीपासून आहे. त्याला सर्टिफिकेट नाही, म्हणून पगारही नाही.

घरोघरी गेल्यावर दुसरी अडचण कळली. सायन्स म्हणजे डॉक्टर, आणि डॉक्टर होणे जमणार नसेल तर मग आर्ट्स, असा बहुतेकांचा हिशेब असतो. दहावीनंतर आयटीआय आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे सांगावे लागते. तेही निकालानंतर सांगून उपयोग नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचे वेगवेगळे स्पेलिंग, यांतच प्रवेशाची तारीख निघून जाते. आता आम्ही कागद जानेवारीत तपासतो.

गेल्या वर्षी एका मुलीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. अब्बा म्हणाले, “लडकी जात, तारा जोडत फिरणार का?” कोपऱ्यात तस्बीह घेऊन बसलेल्या दादी म्हणाल्या, “रात्री माग बंद पडला की तू ज्याच्या पाया पडतोस, तो तारा जोडणाराच ना?” अब्बा हसले नाहीत, पण फॉर्मवर सही केली.

अम्मींचा प्रश्न वेगळाच असतो: पोरगी परत किती वाजता येईल? त्याचे उत्तर घरात बसून देता येत नाही. म्हणून यंदा अम्मींनाच घेऊन भायखळ्याला, अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक बघायला जाणार आहोत. ठाण्यापर्यंत बस, पुढे लोकल. बारा जणींनी नावे दिली आहेत. बुरख्यात लेथवर काम करता येते का, असे एकीने आधीच विचारले. लेथजवळ सैल कपडा चालत नाही, अंगाबरोबरचा ॲप्रन आणि घट्ट बांधलेला स्कार्फ लागतो, असे आम्ही सरळ सांगितले. बाकीचे त्या स्वतः बघून ठरवतील. डबा ज्याचा त्याने आणायचा आहे.