गंधार उतरवताना

जुळवणीला आलेल्या हार्मोनियमच्या पेटीतून कारागीर पितळी सूर एकेक करून बाहेर काढतो. सुराची जीभ टोकाशी किंचित खरवडली की तो चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. गंधारापाशी त्याचा हात जरा जास्त रेंगाळतो. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या पाश्चात्त्य जुळवणीतला गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. तो उतरवावा लागतो.

याच चढेपणाचा ठपका ठेवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं. शिवाय तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, निघत नाही, ती परकी आहे, असेही आक्षेप होते. रवींद्रनाथ ठाकूर तिच्या विरोधात होते. गंमत म्हणजे भारतीय संगीताची बाजू घेऊन तिच्यावर तुटून पडणाऱ्यांत दिल्ली केंद्रावरचे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्सही होते. हे दार किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं, तेही साथीपुरतं.

पेटीचा जन्म परदेशातला, हे खरंच. पण पायाने चालणारा तिचा भाता हाताशी आला तो कोलकात्यात, द्वारकानाथ घोष यांच्याकडे. मग मांडी घालून बसलेल्या गवय्याशेजारी तिची जागा पक्की झाली. परकं तर व्हायोलिनही होतं. ते मात्र रेडिओवर वाजत राहिलं.

पेटीनेही दुसऱ्याच्या बदनामीचा फायदा उठवला होता. सारंगी कोठीवरची, म्हणून अब्रूदार घरांना ती नकोशी झाली. तिच्या जागी बिनबोभाट आली ती पेटी. मींडेसाठी जन्मलेलं वाद्य लोकांनी सुरामुळे नव्हे, पत्त्यामुळे नाकारलं.

मींडेचा आक्षेप वादकांनी वादात नाही, वाजवण्यात सोडवला. गोविंदराव टेंबे यांच्यापासून आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत हे शहाणपण घडत गेलं. कणस्वर हलकेच लावायचा, भात्याचा दाब श्वासासारखा सांभाळायचा. गवई मींड घेत असताना नुसता आधाराचा सूर धरायचा, मधल्या पट्ट्यांना हात लावायचा नाही.

कारागीर आता सूर परत बसवतो, भाता हलवतो. शेजारी तानपुरा चालूच आहे. गंधार अजून केसभर चढा वाटतो. तो सूर पुन्हा बाहेर काढतो आणि जिभेच्या मुळाशी एकदाच, अगदी हलक्या हाताने, खरवडतो.