सवाई

पोराला बोललो ते वाक्य काय होतं ते लिहीत नाही. पाच-सहा शब्दांचं होतं. शिवीगाळ नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. बोलून झाल्यावर मी चष्मा काढला, काचा खाली करून टेबलावर ठेवला आणि गप्प बसलो. चष्मा असा पालथा ठेवायची सवय अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मला चष्मा लागून दोनच वर्षं झालीत. त्याआधी इतकी वर्षं ही सवय कुठे बसून होती?

तेव्हापासून एक म्हण डोक्यात घुमते आहे. बापसे बेटा सवाई. जालन्याच्या एमआयडीसीत मी पहिल्यांदा कामाला लागलो त्या दिवशी वजनकाट्यावरच्या माणसाने, माझ्याकडे न बघता, पावती फाडता फाडता ती ऐकवली होती. अण्णा पलीकडच्या प्लॉटवर भंगाराच्या यार्डात सुपरवायझर, मी रोलिंग मिलच्या डिस्पॅचला. तेव्हा छाती फुगली होती. आता वाटतं, त्या माणसाने अण्णांच्या हाताखाली काढलेली वर्षं मोजली तर त्याने कौतुक केलं असेल कशावरून?

म्हण निम्मी हिंदी आहे. आमच्याकडे तसं चालतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेलं, आबांची सही मात्र शेवटपर्यंत उर्दूतच राहिली. पण 'सवाई' हा शब्द अस्सल इथला. जुन्या शाळेत पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सुरू व्हायची. तिनाची सवाई पावणेचार, चाराची पाच, साताची पावणेनऊ. अण्णांना अजून सगळी पाठ आहे, कारण पाहुणे आले की आबा त्यांना ओसरीवर उभं करून म्हणायला लावत. न अडखळता आली की आबा पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत, पोराच्या नाही. चुकली तर मारत नसत. दोन दिवस बोलत नसत. आजी जेवायला बोलवायची तेव्हा आबा म्हणत, "त्याला वाढ, पण माझ्यासमोर नको."

ही गोष्ट अण्णा हसत हसत सांगतात. त्यातला त्रास सांगत नाहीत. आबांचा हिशोब कसा चोख होता, हे सांगतात.

तर सवाई. बाप एक धरला तर मुलगा सव्वा, नातू दीडाच्या किंचित वर, पणतू जवळजवळ दोन. गणित सोपं आहे. पण कशात सव्वा, ते म्हण सांगत नाही. उंचीत, अकलेत, कमाईत, की तोऱ्यात? म्हणणारा मनात काय धरतो त्यावर सगळं. आणि शब्द तरी आला कुठून? खेड्यात धान्य सवाईने देत. पेरणीच्या तोंडावर एक पोतं ज्वारी न्यायची, सुगीला सव्वा पोतं आणून घालायची. नड मोठी असली तर दिडीने. पिकलं की नाही हे देणाऱ्याने विचारायचं नसे. म्हणजे म्हणीतला मुलगा बापापेक्षा सव्वापट निघतो, की बापाने दिलेलं सव्वापट करून पुढे मोजतो? आणि मोजतो ते बापाला नव्हेच. बाप तर तोवर थकलेला असतो, त्याला कुणी काही परत देत नाही. पोतं पुढच्या पोराच्या पाठीवर जातं.

असंही सुचलं की जालन्यात या म्हणीचा अर्थ वेगळाच लावायला हवा. हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणं म्हणजे तंतोतंत 'बापसे बेटा सवाई': दोन वेगळ्या वाणांचा संकर करायचा, पहिली पिढी आईबापांपेक्षा जोमदार निघते. पण त्या पिकातलं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर शेत एकसारखं येत नाही. एक ताट उंच, एक खुजं, एक आजोबावर गेलेलं. म्हणून शेतकरी दरवर्षी नवी पिशवी घेतो. माणसांना ती सोय नाही. आम्ही घरचंच बी पेरतो.

आणि ज्याच्या नावातच 'सवाई' होतं त्याचं काय झालं? नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात खून झाला, त्यात नाव चुलत्याचं आलं. मुलगा जन्मला तो पुढच्या एप्रिलात, पुरंदरावर. चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. थोरल्या माधवरावांहून हा सव्वापट निघावा म्हणून सवाई माधवराव. पाळण्यात असतानाच त्याच्यावर एक मेलेला कर्तबगार चुलता आणि एक मारला गेलेला बाप, दोघांचं येणं निघालेलं. भोवती नाना फडणवीसांची नजर. ऑक्टोबर १७९५ मध्ये तो शनिवारवाड्यातूनच खाली पडला. तोल गेला की उडी मारली, यावर अजून वाद आहे. वय एकवीस. त्याच्यामागून गादीवर आला तो ज्याचं नाव खुनात आलं त्या राघोबांचा मुलगा, दुसरा बाजीराव, आणि त्याच्याबरोबर १८१८ मध्ये सगळंच संपलं. एका घरात एकाच वाड्याच्या भिंतींनी किती वेळा तेच बघायचं! शाळेत आम्हाला हे सनावळीसाठी शिकवलं. 'सवाई' या शब्दावर गुरुजी थांबले नाहीत.

मी दहावीला होतो तेव्हा अण्णांनी माझी गुणपत्रिका यार्डाच्या केबिनमध्ये काचेखाली लावली होती. भंगाराच्या ट्रकचा ड्रायव्हर पावतीवर सही करायला वाकला की त्याला माझे गणिताचे मार्क दिसत. बारावीला मार्क घसरले तेव्हा काचेखाली महालक्ष्मीचं कॅलेंडर आलं. अण्णा काही बोलले नाहीत. बोलले नाहीत, हेच. मी हसत हसत सांगतोय ना? आणि गेल्या वर्षी पोराच्या निकालाचा फोटो मी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवला, तेव्हा दर दहा मिनिटांनी कुणी कुणी बघितलं ते बघत होतो. पोरगा शेजारीच बसला होता. त्याच्याकडे मी एकदाही बघितलं नसावं.

याला आता सगळे नार्सिसिझम म्हणतात. शब्द त्या पाण्यात तोंड बघत बसलेल्या ग्रीक पोरावरून आला. तो जालन्यात जन्मला असता तर वाचला असता. आमच्याकडे जायकवाडीवरून पाइपलाइनने येणारं पाणी नळाला रोज येत नाही, आणि येतं तेव्हा बघत बसायला वेळ कुणाला? फ्रॉइडने १९१४ सालीच लिहून ठेवलंय की आईबापांचं मुलांवरचं आंधळं कौतुक म्हणजे त्यांचं स्वतःवरचं जुनं प्रेमच नव्याने जन्माला आलेलं असतं. पुढे २०१५ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी ५६५ डच मुलांचा अभ्यास छापला. ज्यांचे आईबाप 'आमचं मूल इतरांपेक्षा खास' असं मानत त्या मुलांमध्ये हा मीपणा वाढलेला दिसला. नुसती माया मिळालेल्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला, मीपणा नाही. वाचून बरं वाटलं. मग वाटलं, आबांना यातलं कुठलं मिळालं असेल? आबांच्या वडिलांबद्दल आमच्या घरात एकही गोष्ट नाही. नाव आहे, श्राद्धापुरतं. साखळीची आधीची कडी मला दिसत नाही म्हणून मी आबांना पहिली कडी धरून बसलोय.

खरं तर मला भंगाराबद्दल लिहायचं होतं.

जालन्यात लोखंडाची खाण नाही. 'खाण तशी माती' ही म्हण इथे वापरताच येत नाही, कारण इथल्या भट्ट्यांत मुख्यतः दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं लोखंड वितळतं. पाडलेल्या इमारतींच्या सळया, गाड्यांचे सांगाडे, पंख्यांच्या मोटारी, दाबून केलेले पत्र्याचे गठ्ठे. ट्रक काट्यावर आला की अण्णा बाजूने एक फेरी मारत. खिशात सुतळीला बांधलेला लोहचुंबक, पेढ्याएवढा. तो इकडे तिकडे टेकवायचे, पण तो दाखवण्यापुरता. खरं काम डोळ्यांचं. पत्र्यांच्या खाली माती भरली आहे का, ड्रममध्ये पाणी आहे का, आणि मोटारीतली तांब्याची तार काढली आहे की तशीच आहे.

तार कशासाठी, असं मी लहानपणी विचारायचो. तांबं महाग, ते वेगळं विकायचं, एवढंच मला कळलेलं. एकदा उन्हात, ट्रकच्या सावलीत डबा खाता खाता अण्णांनी सांगितलं. लोखंड वितळलं की त्यातली बरीच घाण वर मळी होऊन येते, ती खेचून टाकता येते. तांबं येत नाही. लोखंडापेक्षा ते हवेशी कमी भांडतं, म्हणून लोखंड जळेल पण तांबं जळायचं नाही. एकदा हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका घाण्यात, शिरलं की तिथेच. त्या हीटच्या सळया होतात, सळया घरात जातात, चाळीस-पन्नास वर्षांनी घर पडतं, सळया परत भंगारात येतात, आणि तांबं त्यांच्याबरोबर परत. प्रत्येक फेरीत कुणीतरी आणखी एक मोटार तशीच टाकतं. कमी होत नाही, वाढतच जातं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, रोलिंगला चिरा पडतात."

हेही त्यांनी नीट समजावलं होतं, चपातीचा तुकडा हातात तसाच धरून. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, तांब्याला १०८५. बिलेट, म्हणजे सळयांसाठी ओतलेली जाड कांब, तापवून लाल करतात तेव्हा वरच्या थरातलं लोखंड जळून खपली होते, तांबं मात्र मागे साचत जातं. लोखंड अजून घट्ट असतं तेव्हा तांबं पाणी होऊन कणाकणांच्या फटींत उतरतं. रोलखाली दाब आला की तिथेच चीर. थंड असताना बिलेट चांगलं गुळगुळीत दिसतं. तापल्यावर आणि दाब आल्यावरच कळतं.

तो डबा मला स्वच्छ आठवतो. शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. एवढा वेळ अण्णा माझ्याशी सलग कधी बोलले असतील असं आठवत नाही. त्यात मी कसा आहे, किती मार्क, कुणाचा कोण, काहीच नव्हतं. फक्त तांबं. आता वाटतं, ते सगळं त्यांना माहीत होतं आणि तरीही काचेखालची गुणपत्रिका बदलली गेली. माहीत असण्याचा काही उपयोग असतो का?

उपाय विचारला तेव्हा म्हणाले, स्पंज. खनिजापासून थेट बनवलेलं स्पंज लोखंड येतं, त्यात तांबं नसतं. ते मिसळायचं. तांबं जात नाही, पातळ होतं. मी लगेच आईकडे गेलो, म्हणजे मनात. बाहेरच्या घरातून आलेली, सगळं मुरवून घेणारी बाई म्हणजे स्पंजच की! पण हे शब्दाने फसवणं झालं. स्पंज लोखंड काही शोषून घेत नाही, त्याचा गुण एवढाच की त्यात ती खोट नसते. आणि आईत तिच्या घरचा कुठला धातू होता ते आम्ही कुणी कधी चुंबक लावून बघितलं नाही. तिच्या वडिलांना मी दोनदा भेटलोय. दोन्ही वेळा ते खुर्चीवर होते आणि बाकी सगळे उभे.

इथपर्यंत लिहून मी खूश होतो. निबंध सापडला असं वाटलं. तांबं म्हणजे आमचा मीपणा, फेरी म्हणजे पिढ्या. मग आमच्या मिलमधल्या लॅबवाल्या पोराशी चहावर बोलता बोलता सहज विषय काढला, तर तो म्हणाला, "सर, काही स्टीलमध्ये तांबं मुद्दाम घालतात." उघड्यावर राहणाऱ्या पुलांना, वॅगनींना. थोडं तांबं असलं की गंजाचा पहिला थर घट्ट बसतो आणि आतलं लोखंड वाचतं. त्याला हे सांगण्यात विशेष काही वाटलं नाही. बिस्किट बुडवून निघून गेला.

आता पंचाईत झाली. अण्णांचा तो ताठा, कुणापुढे न वाकणं, एका मंदीत यार्ड बंद पडलं तेव्हा मालकाच्या दारात न जाता सहा महिने शेंद्रा एमआयडीसीच्या ट्रकवर हिशोबनीस म्हणून फिरणं आणि घरी रोज इस्त्रीच्या शर्टातच परतणं. आम्हाला तेव्हा काही कमी पडतंय हे कळलंच नाही. ते काय होतं? चीर पाडणारं तांबं की गंज अडवणारं? की तेच ते, भट्टीत वेगळं आणि उन्हात वेगळं? पोराला हे सांगायचं म्हटलं तर सांगू कसं? सांगायला आधी बोलावं लागतं.

आज दुसरा दिवस आहे. रात्रीचे दहा वाजून गेलेत. गच्चीवरून औरंगाबाद रोडच्या बाजूला आभाळ तांबूस दिसतं. अण्णांच्या काळात रात्रीच्या विजेला सवलत होती, त्यामुळे भट्ट्या रात्रीच जोरात चालत, आणि लहानपणी मला वाटायचं की जालन्यात सूर्य मावळल्यावरही थोडा राहतो. खाली अण्णांच्या खोलीत टीव्ही चालू आहे. ऐंशी पार केलेला माणूस बातम्या बघतोय आणि मधूनच स्वतःशी काहीतरी आकडे पुटपुटतोय.

पोरगा जिन्यात येऊन उभा राहिला. वर आला नाही. मी पाठमोरा होतो तरी कळलं, कारण चपला पायरीवर वाजल्या.

"नळाला पाणी आलंय," तो म्हणाला. "मोटार लावू का?"

मी 'लाव' म्हणालो की नुसती मान हलवली, ते आता नीट आठवत नाही. अंधारात मान त्याला दिसली असेल का, तेही सांगता येत नाही. मोटार मात्र लागली.