किल्लारीची भिंत

लातूरहून औशामार्गे किल्लारीच्या एस.टी.त बसलो, तेव्हा शाळकरी वयातली एक सकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. तारीख ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणपतींचे विसर्जन झालेले. आमच्या बिऱ्हाडात मोठी माणसे रेडिओभोवती गप्प उभी होती आणि किल्लारी हे नाव मी प्रथमच ऐकत होतो. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या जिल्ह्यांतली आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांतली बहुतेक झोपेतच.

माझ्या एका विद्यार्थ्याचे हे गाव. त्याचे आजोबा जन्मभर गवंडीकाम केलेले. त्यांच्याच ओट्यावर चहा झाला. नवी किल्लारी जुन्या जागेपासून दूर वसवलेली. रुंद रस्ते, सरळ रांगा, सिमेंटची घरे. अशी बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी उभी राहिली.

"आजोबा, धक्का ६.२ चा, म्हणजे तसा मध्यम. मग एवढी घरे का पडली?" मी विचारले.

त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले. "आमची भिंत अशी, गुरुजी. एक तोंड आत, एक बाहेर. मधी बारीक दगड अन् माती. दोन-तीन फूट रुंद, पण दोन्ही तोंडांला बांधून धरणारा दगड नाही." त्यांनी हात हलवले, तळहात अलग झाले. "अन् डोक्यावर माळवद. गळू नये म्हणून दर साली नवी माती. सगळा भार अंगावर आला."

उपाय फार अवघड नव्हता. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा, दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती लोखंडी सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, आणि माळवदाची माती कमी करायची. उभ्या घराच्या भिंतीला भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरूनही तोंडे जोडता येतात. सरकारने भूकंपानंतर गवंड्यांना हे शिकवले, जी गावे जागची हलवली नाहीत तिथे अनुदानही दिले. पण बहुतेकांनी त्या पैशांत शेजारी एक नवी पक्की खोली बांधली आणि जुने घर होते तसेच ठेवले. भोके पाडून बुजवलेली भिंत कुणाला दाखवणार? नवी खोली पाहुण्यांना दिसते!

नव्या घरांविषयीही तक्रार होतीच. "उन्हाळ्यात हा तवा होतो," सूनबाई आतून म्हणाल्या. "जुन्या घरात दुपारी गार वाटायचं. गल्लीत बायकांचं बसणं-उठणं होतं. आता शेजारीण हाक मारून येईना." मला त्या बोलण्यात हट्ट दिसला नाही. आखणी करणाऱ्यांनी घर मजबूत केले, पण दुपार आणि शेजार यांचा हिशेब राहूनच गेला.

निघताना आजोबांनी मागचे अंगण दाखवले. गुरांसाठी दगडाचीच खोली चालली होती. तरुण गवंडी कुरकुरत होता, "लांब दगड मिळत नाही, घडवायला वेळ लागतो, मजुरी वाढते. अन् वरून गिलावा मारल्यावर कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल," आजोबा म्हणाले आणि स्वतः खाली वाकून एक लांब दगड चाचपू लागले.

वाटेत विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, जुन्या घराची भिंत आजोबांनीच बांधली होती. माझी आत्या त्या भिंतीखाली गेली."

मी थबकलो. वर्गात मी मुलांना शब्दांची जोडणी शिकवतो. एखादा दुवा निसटला तर फार तर अर्थ बिघडतो. इथे दुवा निसटला आणि घर गेले. तोच दुवा पंचाहत्तरीतला गवंडी आज पदरचे पैसे घालून गुरांच्या भिंतीत बसवीत होता.

एस.टी. सुटली तेव्हा मागच्या अंगणातून छिन्नीचा आवाज येत होता. परतल्यावर आमच्या इमारतीत पुनर्बांधणीची सभा होती. सारेजण फरशीच्या रंगावर बोलत होते. मी पहिल्यांदाच सळ्यांविषयी विचारले.