अंकोरचा सपाट रस्ता
वाचकहो, कंबोडियात अंकोरची मंदिरे पाहण्यास गेलात, तर त्यांच्या सावलीतला सपाट रस्ताही न्याहाळा. भूसुरुंगांविषयी जागृती व्हावी आणि जखमींना मदत मिळावी, म्हणून १९९६ पासून तेथे अर्धमॅरेथॉन भरते. कृत्रिम पाय लावलेले स्पर्धकही तीत धावतात. या देशात आपला जयपूर फूटही पोहोचला आहे. तो लावून बूट न घालताही भातखाचरात चालता येते.

आपल्या घरातील ज्येष्ठांनी मधुमेहामुळे पाय गमावला असेल, तर त्यांना या रस्त्याविषयी अवश्य सांगा. मात्र कृत्रिम पाय उतरवल्यावर रोज रात्री उरलेल्या भागाची त्वचा आरसा धरून तपासा. लाली वा फोड दिसल्यास तो पाय पुन्हा चढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. त्वचा शाबूत राहिली, तरच उद्याचे चालणे घडेल.