बाबांची वही

बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्सचा हिशेब वहीत. २०२४ साली मला हुक्की आली, म्हटलं रूबीत छोटासा प्रोग्रॅम लिहून देते. बाबा नको म्हणत होते. ऐकतंय कोण!

प्रत्येक फ्लॅटचं एक ऑब्जेक्ट. त्याच्या पोटात @बाकी हे इन्स्टन्स व्हेरिएबल, म्हणजे त्या फ्लॅटचा खाजगी कप्पा. बाहेरच्याने थेट हात घालायचा नाही, मेथडमार्फत विचारायचं. (ही शिस्त रूबीने स्मॉलटॉककडून घेतली.) त्या मेथड लिहायचा मला कंटाळा, म्हणून 'अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसर' ही एकच ओळ टाकली. वाचायची आणि बदलायची, दोन्ही मेथड फुकटात तयार.

वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी वेगळी मेथड केली. आत लिहिलं, बाकी = ०. झालं!

कसलं झालं? नुसतं असं लिहिलं की रूबी नवं लोकल व्हेरिएबल बनवते. ते शून्य होतं आणि मेथड संपताच नाहीसं होतं. कप्प्यातली रक्कम आहे तशीच. एरर वगैरे काही येत नाही. 'सेल्फ.बाकी = ०' हवं होतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून ही चूक...

थकबाकीच्या नोटिसा गेल्या त्या नेमक्या सगळे पैसे आधीच भरलेल्यांना. तळमजल्यावरच्या काकू पंच्याहत्तरीच्या, एप्रिलमध्येच वर्षाचे भरून मोकळ्या होतात. पावती घेऊन तीन जिने चढून आल्या. डोळ्यांत पाणी. बाबांनी हात जोडून माफी मागितली. माझं नावही घेतलं नाही.

रात्री 'सेल्फ' लावलं आणि पडताळायला वही उघडली. बाकीचा आकडा कुठेही खोडून बदललेला नाही. तारीख, पावती क्रमांक, जमा, नावे, आणि बाकी त्यातूनच काढलेली. वही ते कुणाच्या हातात देत नाहीत. "मला सांग, मी लिहितो."

माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र कुठूनही कुणीही बाकी हवी ती करू शकत होतं. कप्प्याला कुलूप लावलं आणि किल्ली दारालाच लटकवली! अ‍ॅक्सेसर काढला. @बाकीही काढलं. आता आत फक्त नोंदी, पैसे आले की 'भरणा' मेथड नोंद करते, आणि 'बाकी' विचारली की हिशेब करून सांगते. विचारणाऱ्याला फरक कळतही नाही.

नवी प्रिंट घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चहा केला, प्रिंट बाजूला ठेवली आणि विचारलं, "वहीत काय आहे गं?"