तर्खडकरांचा पहिला भाग

आमच्या घरात तर्खडकरांची इंग्रजी शिकवणारी ‘भाषांतर पाठमाला’ आणली आजोबांनी. त्यांना पोस्टात लागायचं होतं. प्रत्येक पाठाची रीत तीच: आधी शब्द, मग मराठीत उलगडून सांगितलेला नियम आणि मग इकडून तिकडे न्यायची वाक्यं. समासात आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा. त्यांना इंग्रजी बोलताना कुणी ऐकलं नाही, पण गल्लीत तार आली की ती वाचायला माणसं त्यांच्याकडेच येत.

माझ्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते सुरू झालं 2000 साली. चौथीच्या सुट्टीत वडिलांनी याच पाठमालेचा पहिला भाग माझ्यापुढे ठेवला. मला तो आवडला. कारण त्यात कुणी खेकसत नव्हतं.

बी.ए. झाल्यावर सांगलीतल्या एका खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला लागले. तिथला दंडक असा, की वर्गात मराठी शब्द निघाला की डब्यात रुपया टाकायचा. पैसे थोडेच जमत, कारण कुणी तोंडच उघडत नसे. एमआयडीसीतला फिटर, औषधांच्या दुकानातला मुलगा, नर्सिंगच्या मुली, सगळे वहीत मान घालून बसत. त्यांच्यात एक बाई होत्या. मुलगा इंग्रजी माध्यमात. पालकसभेत विचारायचं खूप असे, पण ओठावर येईना.

त्यांचं अडत होतं ते प्रश्नाशी. मराठीत साध्या वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार. इंग्रजीत ‘डू’ किंवा ‘डज’ शोधायचं, ते कर्त्याच्या आधी बसवायचं, आणि ‘डज’ आलं की मूळ क्रियापदाचा ‘एस’ काढून टाकायचा. इतका खटाटोप आपल्या भाषेत नाहीच, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या स्वतःला मठ्ठ समजत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि मराठीत समजावलं. पाठमालेतल्यासारखीच वाक्यं फळ्यावर लिहिली, फक्त त्यांच्या घरातली: मुलगा डबा खातो का? गृहपाठ करतो का? अर्ध्या तासात बाई मलाच प्रश्न विचारू लागल्या. फिटरही बोलला.

पाठमालेनं आजोबांना बोलतं केलं नाही, हे खरं आहे. नुसतं भाषांतर करून जीभ वळत नाही. त्यासाठी रोज समोर माणूस लागतो, चुकू देणारा. पण ज्या भाषेत आपण विचार करतो तिला वर्गाबाहेर चपलांपाशी ठेवून यायला सांगणं मला अजूनही क्रूर वाटतं. मोठ्या माणसांच्या बाबतीत तर फारच.

आता घरीच संध्याकाळची बॅच घेते. नियम मराठीत सांगते, मग जोड्या लावून तासभर इंग्रजीतच बोलायला लावते. सध्याच्या बॅचमध्ये एक आजी आहेत. नातवंडं परदेशात, फोनवर त्यांच्याशी भांडता आलं पाहिजे, एवढीच त्यांची अट आहे. परवापासून आम्ही भांडणाची वाक्यं घेतली आहेत.