आठ किलोंच्या आत

पन्नास मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पॉइंट टू-टूची गोळी 5.6 मिलिमीटर जाडीची. तिची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकलेला चालतो. हेच गणित मागे नेलं, की रायफलच्या एका मीटर लांबीत 0.16 मिलिमीटर एवढीच सूट हाती उरते. नळीचं तोंड त्याहून जास्त हललं, की दहाचे नऊ झालेच.

कोल्हापूरच्या एका नेमबाजाची उमेदीची वर्षं या 0.16 मिलिमीटरमध्ये गेली. नोकरी बँकेत, घर मंगळवार पेठेत, आणि डोक्यात कायम रायफलचा स्टॉक. नळी आणि अ‍ॅक्शन, म्हणजे गोळी भरून डागणारी यंत्रणा, कारखान्यातून येतात तशाच राहतात. माणसाच्या गालाला, खांद्याला आणि तळहाताला लागतो तो स्टॉक, त्यामुळे त्याचं सगळं भांडण कायम स्टॉकशीच राहिलं.

पहिला स्टॉक एनसीसीच्या रायफलचा. तो मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाने घडवलेला, आणि हा आठवीतला किडकिडीत पोरगा. खांद्यात बट रोवली की गाल लाकडावर पोचेना, आणि गाल टेकवला की बट काखेत घसरे. उस्तादांनी मापाबिपाची चर्चा केली नाही. ‘मजबूत पकड, सही शिस्त’ एवढंच ते ओरडत, आणि पोरगा मान ताणून त्या लाकडात स्वतःला बसवून घेई. त्या वयात मान कशीही ताणली तरी काही वाटत नाही.

पुढे दुधाळीच्या रेंजवर क्लबची रायफल मिळाली. ती अनेकांच्या हातची असल्याने बटच्या मागे रबराचे तुकडे, चीक पीसवर शामॉयचं चामडं आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप असा तिचा अवतार होता. सकाळच्या बॅचचा उंच मुलगा एक तुकडा वाढवून जाई, संध्याकाळी हा तो काढी. याच दुधाळीवर तेजस्विनी सावंत घडली. ऑगस्ट 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, 600 पैकी 597 गुण करून ती जागतिक विजेती झाली, तेव्हा रेंजवर पेढे वाटले गेले आणि आठवडाभर रिकामी लेन मिळेना.

तोवर त्याच्याकडे स्वतःची रायफल आली होती. एका निवृत्त नेमबाजाकडून रीतसर परवान्यावर घेतलेली आन्शुट्झ 1813. ही कंपनी 1856 सालची, मूळची थुरिंगियातल्या झेला-मेलिसची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहरात बस्तान बसवलं. 1813 ची अ‍ॅक्शन ‘54’ जातीची, भरीव आणि गोल. तिला स्टॉक होता अक्रोडाचा. अंगठ्यासाठी आरपार भोक, गालाखाली वरखाली होणारी पट्टी, काखेखालून जाणारा बट प्लेटचा हूक, उभ्याने मारताना पुढे लावायची हातटेकणी. पहिल्या मालकाने ग्रिप कानशीने घासून स्वतःच्या बोटांच्या मापाची केली होती. याची बोटं आखूड. त्याने त्या खळग्यांत लाकडाची पुट्टी भरली, सॅंडपेपर मारला, जवसाचं तेल चोळलं. दोन माणसांच्या बोटांची मापं त्या लाकडात एकावर एक दिसत.

जूनमध्ये त्या लाकडाचा स्वभाव बदले.

कोल्हापूरच्या पावसात दारं फुगतात तसंच अक्रोडाचं लाकूडही फुगतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये दोन स्क्रूंनी आवळलेली असते. लाकूड फुगलं की ते अ‍ॅक्शनवर जास्त दाब देतं, सुकलं की स्क्रू ढिले पडतात. उन्हाळ्यात एका ठिकाणी पडणारं ग्रुपिंग पावसाळ्यात खाली किंवा बाजूला सरकलेलं मिळे. त्यावर रेंजवरचे जुनेजाणते दोन उपाय सांगत. एक, अ‍ॅक्शनच्या बैठकीत इपॉक्सी भरून लाकूड आणि लोखंड यांच्यात पक्का, न फुगणारा थर करायचा, आणि स्क्रूंभोवती धातूच्या नळ्या बसवायच्या. दोन, स्क्रू अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने पाच-सहा न्यूटन-मीटरवर आवळायचे आणि दर वेळी आकडा वहीत लिहायचा. त्याने दोन्ही केलं. ग्रुपिंग थाऱ्यावर आलं. मग मात्र बदलायला लागलं ते त्याचं शरीर.

दिवसभर काउंटरवर आणि रात्री हिशेबात वाकून बसणाऱ्या माणसाची मान चाळिशीनंतर बोलू लागते. डॉक्टरांनी मणक्यांतली झीज दाखवली आणि मान पुढे झुकवून तासन्‌तास पडून राहू नका म्हणून बजावलं. त्याच सुमारास पुढच्या साइटमधली रिंग डोळ्याला धूसर दिसायला लागली. डोकं सरळ ठेवून डायऑप्टरमागे, म्हणजे मागच्या साइटमागे, डोळा आणायचा, तर साइट वर उचलायला हव्यात, गालाची पट्टी त्याहून वर हवी, आणि बट खाली उतरायला हवी. अक्रोडाच्या स्टॉकमध्ये एवढी हालचाल नव्हती. पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत चढवूनही गाल हवेत राही. त्यानंतरच त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या चेसिसचा विचार गंभीरपणे केला.

चेसिसची कल्पना लोकांना वाटते तशी केवळ लष्करी नाही. माल्कम कूपर हा ब्रिटिश नेमबाज 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये आणि 1988 ला सोलमध्ये, थ्री पोझिशनमध्ये सलग दोनदा ऑलिंपिक विजेता झाला. त्याआधीपासून तो रायफली बनवतही होता. 1978 मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल ही कंपनी काढली. त्यांच्या रायफलीत अ‍ॅक्शन अ‍ॅल्युमिनियमच्या एका कण्याला घट्ट बसवलेली असे आणि हाताला लागणारं प्लास्टिकचं कवच त्यावर दोन्ही बाजूंनी चढवलेलं. ब्रिटिश सैन्याने ती एल-96 या नावाने घेतली. हवामान कसंही असो, कणा फुगत नाही आणि कवच फुटलं तरी अ‍ॅक्शनची बैठक हलत नाही. पुढे याच कंपनीने दुसऱ्यांच्या रायफलींसाठी सुटी चेसिसही विकायला काढली. ऑलिंपिक नेमबाजीतही लाकडाबरोबर अ‍ॅल्युमिनियमचे स्टॉक रुळले. आन्शुट्झने स्वतःचे काढले, आणि डॉर्टमुंडच्या एमईसीसारख्या, माइक एकहार्ट या नेमबाजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, छोट्या संस्थांनीही.

नियमांनीही या बदलाला हातभार लावला. 2016 च्या रिओनंतर पुरुषांची 50 मीटर प्रोन ऑलिंपिकमधून गेली, आणि 50 मीटर रायफलमध्ये थ्री पोझिशन तेवढी उरली. त्यात गुडघ्यावर, पालथं आणि उभं, अशा तिन्ही स्थितींत वीस-वीस गोळ्या दीड तासात मारायच्या, आणि स्थिती बदलताना स्टॉकची मांडणीही त्याच वेळात बदलायची. गुडघ्यावर बट एका उंचीला, पालथं पडल्यावर दुसऱ्या, उभ्याने तिसऱ्या. लाकडी स्टॉकमध्ये चावी शोधून स्क्रू फिरवेपर्यंत मिनिटं उडतात. चांगल्या चेसिसमध्ये हाताने फिरवायची मूठ आणि बाजूला कोरलेले आकडे असतात.

कॅटलॉग चाळताना पहिली गाळणी आपोआप लागली. 54 अ‍ॅक्शनची चेसिस 64 ला बसत नाही, कारण स्क्रूंमधलं अंतर आणि बैठक दोन्ही वेगळी. तरी दोन्ही रायफली आन्शुट्झच. वॉल्थरच्या रायफलीसाठी काढलेली तर बघायचीच नाही. दुसरी गाळणी वजनाची. पुरुषांच्या 50 मीटर रायफलला हातटेकणीसकट आठ किलोंची मर्यादा आहे. एक सुंदर, भरदार चेसिस त्याने कागदावर बेरीज करून सोडली, कारण त्याची जाड नळी तिच्यात घातली की हातटेकणीला वजनच उरत नव्हतं. तिसरी गाळणी खिशाची. युरोपातून आणायची म्हटली की लाख-दीड लाखाच्या पुढचा हिशेब, वर कस्टम आणि कागदपत्रं.

राहिला खरा प्रश्न, की एवढं करून गोळी अधिक अचूक जाईल का. त्याचं उत्तर त्याला काडतुसांच्या चाचणीने दिलं. ईली किंवा लापुआच्या चाचणी रेंजवर नेमबाज आपली नळी आणि अ‍ॅक्शन घेऊन जातात. ती पोलादी शिकंज्यात पकडून एकेका लॉटच्या गोळ्या मारून पाहतात आणि सर्वांत घट्ट ग्रुप देणारा लॉट विकत घेतात. त्या शिकंज्यात स्टॉकचं काही काम नसतं. नळीची आणि काडतुसाची अचूकता तिथे जेवढी असेल तेवढीच. इपॉक्सीने नीट बसवलेलं लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात त्या बाबतीत फार फरक पडणार नव्हता. त्याने पैसे मोजले ते मान सरळ ठेवण्यासाठी, आणि हे कारण त्याने बायकोलाही याच शब्दांत सांगितलं. तिने विचारलं, ‘मग फिजिओथेरपी स्वस्त नव्हती का?’ त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

चेसिस आली तेव्हा बट प्लेट आणि कणा यांच्यात एक स्पेसर कमी पडला. कोल्हापूरकराला याची चिंता नसते, कारण शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. फाउंड्री, लेथ, मिलिंग, सगळं एका गल्लीत. मिस्त्रींनी तुकडा हातात घेऊन पहिला प्रश्न केला, ‘ह्यात बंदुकीचं काय न्हाई ना साहेब?’ नळी आणि अ‍ॅक्शन घरी कपाटात कुलूपबंद आहेत, हा नुसता खांद्याकडचा तुकडा, अशी खात्री पटल्यावर त्यांनी एचई-थर्टी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढली. व्हर्निअर लावून जुना स्पेसर मोजला, दोन भोकं पाडली, कडा मोडल्या. काळं अ‍ॅनोडायझिंग करून देतो म्हणाले, दोन दिवस लागतील. याला धीर कुठला. तो चंदेरी तुकडाच बसवून घेतला, आणि काळ्या जर्मन चेसिसमध्ये तो अजून उठून दिसतो.

मग चेसिसने आपला खरा त्रास दाखवला. लाकडात बदल करायला कानस लागायची, त्यामुळे माणूस दहादा विचार करी. इथे मूठ सैल केली की काहीही हलतं. एखादा नऊ आला की गालाची पट्टी मिलिमीटरभर वर, पुढचा आठ आला की बट थोडी आत. पहिल्या मोसमात त्याचे गुण लाकडापेक्षा खालीच राहिले. नवी मांडणी अंगवळणी पडायच्या आत तो ती बदलत होता. शेवटी कोचसरांनी एका स्थितीचे सगळे आकडे वहीत लिहायला लावले, प्रत्येक खुणेवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका देवविला, आणि महिनाभर चावी स्वतःच्या खिशात ठेवली. मान मात्र पहिल्याच आठवड्यात शांत झाली होती.

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर कांस्यपदक घेतलं. त्यानंतर रेंजवर पोरांची रीघ लागली. सामना फोनवर पाहिलेली ही पोरं गोळीआधी उपकरणांचं बोलतात, आणि चेसिसवाले काका म्हणून याच्याकडे येतात. एका मुलाची उंची वर्षभरात चार बोटं वाढलेली, अजून मिसरूडही फुटलेलं नाही. याने त्याला क्लबच्या लाकडी स्टॉकवर पडायला लावलं, बाजूने फोटो काढला आणि बटमागे रबराचा तुकडा सरकवला.

‘काका, तुमच्यासारखी चेसिस लाल रंगात मिळते का?’

‘मिळते. पण तू अजून दोन वर्षं वाढणार. तोवर ही टेप घे, आणि आज तुझ्या चीक पीसला किती वेढे लागले ते वहीत लिही.’